गळवाच्या जंतूला हरवणारा शेतकऱ्याचा मुलगा: पेनिसिलिनवाले फ्लेमिंग आणि त्यांचा विसरलेला इशारा

पायाला खुरपं लागलं, जखम पिकली. मेडिकलमधून सांगून सहा गोळ्या आणल्या, तीन खाल्ल्या, ठणका थांबला. उरलेल्या तीन देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात. पुढच्या महिन्यात सुनेच्या पाठीवर गळू आलं, तेव्हा त्या तीन तिला दिल्या. खेड्यापाड्यात हे घरोघरी चालतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. या सवयीतून काय होईल ते सुमारे ८० वर्षांपूर्वी एका माणसानं जगासमोर उभं राहून सांगितलं होतं. तो माणूस दुसरा तिसरा कुणी नव्हता. ज्या औषधापासून ही सगळी गोळ्या-इंजेक्शनांची दुनिया सुरू झाली, ते पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग होते.

फ्लेमिंग यांचं नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि संपतं. बुरशी पडली, पेनिसिलिन सापडलं, नोबेल मिळालं. पण ज्या जंतूवर ती बुरशी पडली तो कोणता होता, आणि पुढं त्या जंतूनं काय केलं, हे त्या ओळीत नसतं. तो होता स्टॅफिलोकॉकस ऑरियस. डॉक्टर लोक त्याला थोडक्यात स्टॅफ म्हणतात. गळू, केसतूड, पिकलेली जखम, बाळंतिणीच्या स्तनात झालेला पू, गाई-म्हशींचा कासदाह, या सगळ्यामागं बऱ्याचदा हाच असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षाच्या घडासारखा दिसतो, म्हणून ग्रीक भाषेतला घड हा शब्द त्याच्या नावात आला. हे नाव दिलं स्कॉटलंडच्या अलेक्झांडर ऑगस्टन या सर्जननं, फ्लेमिंग यांच्या जन्माच्या आगेमागेच. योगायोग असा की जंतूला नाव देणारा आणि त्याला मारणारं औषध शोधणारा, दोघेही अलेक्झांडर आणि दोघेही स्कॉटिश.

माळावरचं बालपण

अ‍ॅलेकचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा. स्कॉटलंडच्या एअरशायर भागात दार्वेल नावाचं गाव आहे, तिथून काही मैलांवर लॉकफिल्ड हे त्यांचं शेत. शेत म्हणायला मोठं, सुमारे ८०० एकर, पण त्यातला बराचसा भाग नुसता माळ. मेंढ्या, गाई, थोडं पीक. वडील ह्यू फ्लेमिंग यांचं हे दुसरं लग्न. पहिल्या बायकोची चार मुलं, दुसरीची चार. अ‍ॅलेक धाकट्यांतला तिसरा. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. शेत आणि घर आई ग्रेस आणि मोठ्या सावत्र भावानं सांभाळलं. सावत्रपणाचा जाच त्या घरात नव्हता. उलट पुढं अ‍ॅलेकला लंडनला नेऊन शिकवणारा भाऊही सावत्रच.

सुरुवातीला माळावरची छोटी शाळा, मग दार्वेलची. तिथं रोज चालत जायचं, चालत यायचं. थंडीत आई निघताना दोन गरम बटाटे हातात द्यायची, वाटेत हात शेकायला आणि पोचल्यावर खायला. रिकाम्या वेळात ओढ्यातले मासे हातानं पकडायचे, ससे गाठायचे, पक्ष्यांची अंडी कुठं आहेत ते हेरायचं. बारीकसारीक गोष्ट नजरेतून न सुटण्याची सवय त्याला तिथं लागली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. ते खरं मानायला हरकत नाही. गुराख्याच्या पोराला पुस्तकातलं नसेल येत, पण कळपातलं एक जनावर लंगडतंय हे लांबून कळतं.

इथं एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण ती मोबाइलवर वर्षातून चार वेळा तरी फिरते. एका गरीब शेतकऱ्यानं दलदलीत बुडणाऱ्या श्रीमंत मुलाला वाचवलं, त्याच्या बापानं उपकार म्हणून शेतकऱ्याच्या मुलाला शिकवलं, तो मुलगा फ्लेमिंग झाला आणि बुडणारा मुलगा विन्स्टन चर्चिल. पुढं चर्चिलना न्यूमोनिया झाला तेव्हा पेनिसिलिननंच वाचवलं. गोष्ट फार छान आहे, पण खोटी आहे. फ्लेमिंग यांनी स्वतः ती दंतकथा असल्याचं सांगितलं होतं. चर्चिलना डिसेंबर १९४३ मध्ये न्यूमोनिया झाला तेव्हा दिलेलं औषध सल्फा जातीचं होतं, पेनिसिलिन नव्हे. आणि फ्लेमिंग यांच्या शिक्षणाचा पैसा आला तो घरातूनच, तोही उशिरा.

तेराव्या-चौदाव्या वर्षी अ‍ॅलेक लंडनला डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडं, टॉमकडं गेला. तिथं थोडं शिक्षण, मग एका जहाज कंपनीत कारकुनी. चार वर्षं तो आकडे लिहीत बसला. ते काम त्याला मनापासून आवडलं नाही. मग एक काका वारला आणि वाटणीत त्याच्या हाती २५० पौंड आले. त्या पैशावर आणि मिळवलेल्या शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये त्यानं लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं. तेच कॉलेज का, तर पाण्यातल्या पोलोचा एक सामना तो त्यांच्या संघाविरुद्ध खेळला होता. एवढंच कारण.

१९०६ मध्ये डॉक्टर झाल्यावरही असाच प्रकार. फ्लेमिंग नेमबाजीत चांगले. कॉलेजच्या रायफल क्लबला ते जायला नको होते. म्हणून क्लबमधल्या एकानं त्यांना आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत चिकटवून दिलं. तात्पुरती सोय म्हणून गेलेला माणूस जवळजवळ ५० वर्षं तिथंच राहिला.

युद्धातल्या जखमा

पहिल्या महायुद्धात राइट यांची सगळी मंडळी फ्रान्समध्ये बुलोन्य इथं गेली. एका जुगाराच्या क्लबची इमारत त्यांना प्रयोगशाळेसाठी मिळाली. खाली जखमी सैनिकांचे वॉर्ड, वर जंतूंच्या काचेच्या थाळ्या. ही लढाई झाली ती पिढ्यान् पिढ्या शेणखत घातलेल्या शेतांत. तोफगोळ्याचा तुकडा अंगात शिरताना आपल्याबरोबर चिखल, खत आणि कपड्याची चिंधी आत घेऊन जायचा. जखम वरून लहान दिसे, आत मात्र खोल आणि वाकडीतिकडी. गोळी लागून वाचलेले सैनिक पुढं आठ-पंधरा दिवसांनी जखम सडून मरत.

त्या काळचा उपाय म्हणजे कार्बोलिक अ‍ॅसिडसारखी जहाल जंतुनाशकं जखमेत ओतायची. फ्लेमिंग यांनी काच तापवून तिला आतून खाचाखोचा, टोकं असलेली एक नकली जखम तयार केली. तीत जंतू घातले, जंतुनाशक ओतलं, काढून टाकलं, आणि पुन्हा तपासलं. खाचांमध्ये दडलेले जंतू मजेत वाढत होते. त्याहून वाईट म्हणजे ही औषधं जंतूंच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच मारत होती, ज्या पेशी जंतूंशी लढतात. म्हणजे औषधानं गडी आपलाच पाडला. त्यांनी आणि राइट यांनी मेलेला भाग काढून जखम मिठाच्या पाण्यानं धुवा असं सांगितलं. बहुतेक सर्जननी ऐकलं नाही. पण जंतूला मारील आणि माणसाच्या पेशीला हात लावणार नाही असं काहीतरी हवं, हा किडा फ्लेमिंग यांच्या डोक्यात तेव्हापासून शिरला.

युद्ध चालू असतानाच १९१५ मध्ये सॅरा मॅकेलरॉय या आयरिश नर्सशी त्यांचं लग्न झालं. त्यांना एक मुलगा, रॉबर्ट. फ्लेमिंग बोलायला अगदी कमी. घरात, क्लबात, प्रयोगशाळेत दोन शब्दांत काम भागवायचे. व्याख्यान तर इतकं पुटपुटत द्यायचे की मागच्यांना ऐकू जात नसे. हा स्वभाव पुढं त्यांच्या शोधाला महागात पडला.

१९२१ च्या सुमारास त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्या नाकातला शेंबूड जंतूंच्या थाळीत टाकून पाहिला. काही दिवसांनी शेंबडाच्या आसपासचे जंतू विरघळलेले दिसले. अश्रूंतही तोच गुण, अंड्याच्या पांढऱ्यातही. मग येईल त्याचे अश्रू गोळा करायचा उद्योग सुरू झाला. लिंबाची साल डोळ्याशी पिळून मदतनिसांना रडवायचं आणि बदल्यात थोडे पैसे द्यायचे. या द्रव्याला लायसोझाइम नाव मिळालं. औषध म्हणून ते कामाचं नव्हतं, कारण ज्या जंतूंनी माणूस खरोखर आजारी पडतो त्यांच्यावर ते फारसं चालत नाही. पण अंगाला इजा न करता जंतू मारणारी वस्तू निसर्गात असते, एवढं त्यावरून पक्कं झालं.

सप्टेंबर १९२८

फ्लेमिंग तेव्हा स्टॅफ जंतूवरच काम करत होते. जीवाणूशास्त्राच्या एका मोठ्या ग्रंथात स्टॅफवरचा भाग त्यांना लिहायचा होता, त्यासाठी त्याच्या वसाहतींचे रंग आणि रूपं तपासणं चाललं होतं. टेबल म्हणजे पसारा. थाळ्या धुवायच्या आधी आठवडेच्या आठवडे तशाच पडून. सुट्टीला गावी जाताना त्यांनी त्या एका कडेला रचून ठेवल्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला परत आल्यावर जुन्या मदतनिसाला थाळ्या दाखवता दाखवता एक थाळी त्यांच्या हातात राहिली. काठाशी बुरशीचा ठिपका. बुरशी धरणं नवीन नाही, भाकरीला धरते तशी थाळीला धरते आणि लोक ती फेकून देतात. पण या ठिपक्याभोवतीच्या स्टॅफच्या पिवळट वसाहती पाण्यासारख्या पातळ होऊन नाहीशा झाल्या होत्या. लांबच्या मात्र धडधाकट.

यात नशिबाचा वाटा किती होता हे पुढं त्यांच्याच एका सहकाऱ्यानं शोधून काढलं. पेनिसिलिन वाढत्या जंतूलाच मारतं, आधीच पुरता वाढलेल्याला नाही. म्हणजे बुरशी आधी वाढायला हवी आणि जंतू नंतर. त्या उन्हाळ्यात लंडनला आधी काही दिवस गारठा पडला, त्यात बुरशी वाढली. मग ऊन पडलं आणि जंतू वाढले. हवा उलटी असती तर थाळीत काहीच दिसलं नसतं. बुरशी आली तीही बहुधा खालच्या मजल्यावरून, तिथं एक बुरशीतज्ज्ञ काम करत होता. पण ती थाळी पाहिल्यावर बाजूला न टाकणं हे नशिबाचं काम नव्हतं.

ती बुरशी पेनिसिलियम जातीची निघाली. तिच्या रसाला फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये पेनिसिलिन नाव दिलं. रस ८०० पट पातळ केला तरी स्टॅफची वाढ थांबत होती. सशाला, उंदराला टोचला तर त्यांना काही होत नव्हतं. त्याच वर्षी त्यांनी निबंध छापला आणि त्यात कोणत्या जंतूंवर हा रस चालतो, कोणत्यांवर चालत नाही, हेही लिहिलं. काही जंतूंना हे औषध मुळातच लागू पडत नाही, ही गोष्ट पेनिसिलिनच्या पहिल्याच निबंधात आहे.

पण रस शुद्ध करणं त्यांच्याच्यानं झालं नाही. त्यांचे दोन तरुण सहकारी झटले, द्रव्य हाती येतायेता नासून जाई. फ्लेमिंग यांनी सभेत आपला शोध नेहमीप्रमाणं पुटपुटत मांडला, कुणी प्रश्नसुद्धा विचारला नाही. दहा वर्षं विषय तसाच पडून राहिला. मात्र त्यांनी ती बुरशी मरू दिली नाही, ती जपली आणि मागेल त्याला दिली. बियाणं जपून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

खरी मेहनत ऑक्सफर्डला

पेनिसिलिन औषध झालं ते ऑक्सफर्डमध्ये. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी १९३९ पासून काम हाती घेतलं. युद्धकाळ, भांडी मिळेनात. म्हणून रुग्णांच्या शौचाच्या भांड्यांत बुरशी वाढवली, नंतर तशाच आकाराची मातीची भांडी खास करवून घेतली. मे १९४० मध्ये आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले, त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. ते चौघे जगले, बाकीचे चौघे सकाळपर्यंत मेले.

फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसावर पहिला मोठा प्रयोग झाला. त्याच्या चेहऱ्यावरच्या साध्या जखमेत स्टॅफ आणि स्ट्रेप्टोकॉकस असे दोन जंतू शिरले होते. एक डोळा काढावा लागला होता, फुप्फुसापर्यंत पू पसरला होता. पेनिसिलिन सुरू होताच ताप उतरला, त्याला भूक लागली. पण औषध संपत आलं. त्याच्या लघवीतून उतरलेलं पेनिसिलिन पुन्हा गाळून त्यालाच दिलं. तेही संपलं. जंतू उलटले आणि मार्चच्या मध्यात तो गेला. अर्धवट औषधानं काय होतं, हे पेनिसिलिनच्या अगदी पहिल्या रुग्णानंच दाखवून दिलं. फरक इतकाच की त्याच्याकडं औषध नव्हतं. आपल्याकडं डब्यात पडलेलं असतं.

पुढं अमेरिकेत पिओरिया इथल्या शेतीमालाच्या सरकारी प्रयोगशाळेनं मदत केली. मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यात बुरशी कितीतरी जोरात वाढते हे तिथं कळलं. जास्त पेनिसिलिन देणारी बुरशी मिळाली ती बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या तेव्हा जखमी सैनिकांना पुरेल एवढं पेनिसिलिन तयार होतं.

नाव मात्र झालं फ्लेमिंग यांचं. फ्लोरींना वर्तमानपत्रवाले नको असत, फ्लेमिंग भेटत. १९४४ मध्ये ते सर झाले, १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून मिळालं. फ्लेमिंग स्वतः श्रेय वाटून घेत, आपण पेनिसिलिन बनवलं नाही, ते निसर्गानं बनवलं, आपल्याला फक्त सापडलं, असं सांगत. तरी ऑक्सफर्डकरांवर अन्याय झाला तो झालाच. हीटलींना तर नोबेलही नाही.

जंतू शिकतात

११ डिसेंबर १९४५ ला स्टॉकहोमला नोबेलचं भाषण देताना फ्लेमिंग यांनी शेवटाकडं एक काल्पनिक घर उभं केलं. एका माणसाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि थोडंसं घेतो, जंतू मरायला अपुरं, पण जंतूंना औषधाची ओळख व्हायला पुरेसं. ते शिकलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन देतात, चालत नाही, ती मरते. आणि तिच्या मरणाचा दोष फ्लेमिंग यांनी टाकला तो निष्काळजीपणे औषध घेणाऱ्या नवऱ्यावर.

गंमत अशी की त्यांनी उदाहरणात घेतलेला घशाचा स्ट्रेप्टोकॉकस आजपर्यंत पेनिसिलिनला दाद देतो. उलटला तो त्यांच्या थाळीतला स्टॅफ. म्हणजे इशारा खरा ठरला, जंतूचं नाव चुकलं. अजून एक चुकलं म्हणता येईल. त्यांना भीती होती कमी घेण्याची. नंतर दिसलं की गरज नसताना घेण्यानंही तेवढंच, किंबहुना जास्त नुकसान होतं. सर्दी-पडसं विषाणूंचं असतं, त्यावर ही औषधं मुळीच चालत नाहीत, पण पोटातल्या, नाकातल्या, कातडीवरच्या इतर जंतूंना मात्र ती शिकवून जातात.

पेनिसिलिन तोडणारा पाचकरस काही जंतूंकडं असतो हे ऑक्सफर्डच्या मंडळींनी १९४० मध्येच छापलं होतं. लंडनमध्ये मेरी बार्बर या डॉक्टरबाईंनी आपल्या हॉस्पिटलातल्या स्टॅफचा हिशेब ठेवला. १९४६ मध्ये शंभरातले १४ जंतू पेनिसिलिनला जुमानत नव्हते. १९४७ मध्ये ३८. १९४८ मध्ये ५९. तीन वर्षांत अर्ध्याहून जास्त. त्यांना असंही दिसलं की एकेका रुग्णाच्या अंगात जंतू बदलतोय असं फारसं नाही. आधीच पक्का झालेला जंतू एका खाटेवरून दुसरीवर, हातांनी, कपड्यांनी पसरतोय.

हे सगळं फ्लेमिंग यांच्या डोळ्यांदेखत झालं. जग त्यांचा सत्कार करत होतं, गावोगावी मानपत्रं, मिरवणुका, आणि त्याच वर्षांत त्यांच्या औषधाची धार स्टॅफवर बोथट होत होती. १९४९ मध्ये पत्नी वारली. १९५३ मध्ये त्यांनी आपल्या ग्रीक सहकारी अमालिया यांच्याशी लग्न केलं. ११ मार्च १९५५ रोजी लंडनच्या घरी हृदयविकारानं ते गेले. सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात, देशाच्या थोर लोकांच्या रांगेत त्यांना पुरलं. माद्रिदच्या बैलझुंजीच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे, समोर टोपी काढून उभा असलेला झुंजार. शिंग लागून सडणाऱ्या जखमेची भीती ज्यांना रोजची, त्यांनी उभारलेला.

ते गेले त्याच वर्षी, १९५५ मध्ये, पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची त्याला मदत होती. महाराष्ट्रातल्या खेड्यात पेनिसिलिनची सुई पोचली ती याच काळात.

हॉस्पिटलातून वस्तीवर

पेनिसिलिन चालेना म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन आलं. जंतूचा पाचकरस त्याला तोडू शकत नव्हता. दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्यालाही न जुमानणारा स्टॅफ इंग्लंडमध्येच सापडला. यानं युक्ती वेगळी केली. औषध जंतूच्या ज्या भागात अडकून त्याची भिंत बांधणं थांबवतं, तो भागच त्यानं बदलला. किल्ली तीच, कुलूप बदललं. हाच आज एमआरएसए म्हणून ओळखला जातो. पेनिसिलिनच्या कुळातली जवळपास सगळी औषधं त्याच्यापुढं फुकट जातात.

बरीच वर्षं तो मोठ्या हॉस्पिटलांचा आजार समजला जाई. १९९० च्या दशकात ही समजूत मोडली. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला किंबर्ली भागात, शहरापासून शेकडो मैल दूर आदिवासी वस्त्यांवर, हॉस्पिटलचं तोंड न पाहिलेल्या लोकांत तो सापडला. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटा या राज्यांत १९९७ ते १९९९ दरम्यान चार मुलं त्यानं दगावली, त्यातली काही खेड्यातली. त्यांना सुरुवातीला दिलेली औषधं त्या जंतूवर चालणारी नव्हती, आणि तसा संशय यायला कारणही नव्हतं. नेदरलँड्समध्ये वराहपालन करणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरांत जनावरांकडून आलेला वेगळाच एमआरएसए मिळाला. इंग्लंडमध्ये दुभत्या गाईंच्या दुधात आणखी एक प्रकार सापडल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं.

भारतात १५ मोठ्या रुग्णालयांनी मिळून २००८ आणि २००९ मध्ये स्टॅफचे नमुने तपासले, तेव्हा शंभरातले ४० च्या वर-खाली एमआरएसए निघाले. हा आकडा हॉस्पिटलांचा आहे, गावचा नव्हे. पण स्टॅफ ठणठणीत माणसांतही दहातल्या तिघांच्या नाकात मुक्काम करून असतो आणि हातानं पसरतो. एकच टॉवेल घरात पाच जणांना, एकाच वस्तऱ्यानं दाढी, गळू दाबून फोडायची हौस, कासदाह झालेल्या म्हशीची धार काढून न धुतलेले हात, एवढं त्याला पुरतं. साधं गळू बऱ्याचदा डॉक्टरनं नीट चिरून पू काढला तरी बरं होतं, गोळीची गरजही पडत नाही. जखमेभोवती लाली पसरत चालली, ताप भरला, किंवा दोन-तीन दिवस औषध घेऊन उतार पडला नाही, तर मात्र पू तपासायला पाठवून कोणतं औषध चालेल ते बघावं लागतं. मेडिकलच्या काउंटरवर ते कळत नाही. चिठ्ठीशिवाय देऊ नयेत अशा गोळ्यांच्या पाकिटावर म्हणूनच उभी लाल रेघ असते. जनावरांच्या बाबतीत, कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध दुभत्या आणि मांसाच्या जनावरांना द्यायला २०१९ पासून भारतात बंदी आहे.

२०२२ मध्ये एक नवीच गोष्ट पुढं आली. युरोपात साळिंदरासारखा, पण ओंजळीत मावेल एवढा काटेरी प्राणी शेताच्या बांधावर, झुडपात राहतो, हेजहॉग. त्याच्या कातडीवर एक बुरशी वाढते आणि ती स्वतः पेनिसिलिनसारखं द्रव्य बनवते. तिथंच राहणाऱ्या स्टॅफला त्या द्रव्यात तगून राहायला शिकावं लागलं, आणि तो एमआरएसए झाला. जंतूंच्या वंशावळीवरून शास्त्रज्ञांनी हिशेब काढला तेव्हा हे १८०० नंतरच्या सुरुवातीच्या दशकांतलं निघालं. अ‍ॅलेक दोन गरम बटाटे मुठीत धरून दार्वेलच्या शाळेला निघायचा, त्याच्याही कितीतरी आधीचं.